एम ५१: तारे एकमेकांवर आदळत नाहीत, मग धडकेतून नवे तारे जन्मतात कसे?

घाटकोपरी यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. गेल्या अमावास्येला वांगणीला आकाशदर्शनाला गेलो होतो. दहा इंची डॉब्सोनियन दुर्बिणीतून एम ५१ ही सर्पिल दीर्घिका (गॅलेक्सी) बघितली. सप्तर्षीच्या शेपटाच्या टोकाचा मरीची धरायचा आणि तिथून जरासं बाजूला सरकायचं. आधी दोन धुरकट ठिपके दिसले, नजर सरावल्यावर मोठ्या ठिपक्याभोवती पुसटसं कडं आहे असं वाटलं. फोटोत दिसतात तशा सोंडा काही दिसल्या नाहीत, ती अपेक्षाही नव्हती. कर्जत लाइनचं आकाश आता पूर्वीचं राहिलेलं नाही.

दाखवणारा मुलगा हुशार होता. म्हणाला, ही मोठी दीर्घिका आणि शेजारची छोटी यांची धडक चाललीय, आणि त्यामुळे मोठीत नवे तारे धडाधड जन्माला येतायत. पाच मिनिटांनी दुसऱ्या कुणाला सांगत होता की दीर्घिका एकमेकींतून आरपार गेल्या तरी तारा ताऱ्यावर आदळत नाही. आता काहीच आदळत नसेल तर नवे तारे येतात कुठून? मी बँकेत आयुष्य काढलेला माणूस, दोन रकाने जुळले नाहीत की मला झोप लागत नाही.

दुसरी शंका. घरी येऊन फोटो बघितले, तर छोटी (एनजीसी ५१९५) पिवळट आणि म्हातारी दिसते. धडक दोघींची, मग बाळंतपण एकटीचंच का?

गच्चीवरचा कॅमेरा

काका, डोळ्यांना रंग दिसले नाहीत म्हणून हिरमुसू नका, तेवढ्या उजेडात कुणालाच दिसत नाहीत. दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर माझ्याकडे आहे, पहिल्याचं जाणकार देतील.

मी बोरिवलीला गच्चीवरून एम ५१ घेतो. मुंबईतून ती डोक्याच्या बऱ्यापैकी जवळ येते, जवळजवळ ६२ अंश वर, त्यामुळे क्षितिजावरचा धुरळा टळतो. साध्या फ्रेममध्ये शहराच्या उजेडाने सगळं पांढरंफटक होतं. ७ नॅनोमीटर रुंदीचा हायड्रोजन-अल्फा फिल्टर लावला की फक्त ६५६.३ नॅनोमीटरच्या आसपासचा लाल प्रकाश आत येतो, आणि सोंडांच्या कडेने एकामागोमाग एक गोळे उमटतात. हा प्रकाश तापून विद्युतभारित झालेल्या हायड्रोजनचा असतो, आणि त्याला तापवायला प्रचंड मोठे, निळे, कडक तारे लागतात. असले तारे एक कोटी वर्षंसुद्धा धड जगत नाहीत. म्हणजे जिथे गोळा दिसतो तिथे जन्म ताजा आहे. मोठीत असे गोळे डझनांनी मिळतात. छोटीत मला तसा एकही गोळा आजवर मिळालेला नाही.

जाता जाता, फिल्टर घेणाऱ्यांसाठी. एम ५१ आपल्यापासून सेकंदाला सुमारे ४६० किलोमीटर वेगाने लांब जातेय, त्यामुळे हायड्रोजनच्या या लाल प्रकाशाची रेषा एक नॅनोमीटरने पुढे सरकलेली असते. ७ च्या फिल्टरला त्याने फरक पडत नाही, ३ च्या फिल्टरमध्ये ती काठावर येते. हस्त नक्षत्रातल्या अँटेना दीर्घिका (एनजीसी ४०३८ आणि ४०३९) सेकंदाला १,६०० किलोमीटरच्या वर वेगाने जातायत. तिथे रेषा साडेतीन नॅनोमीटरपेक्षा थोडी जास्त सरकते आणि ७ चा फिल्टरसुद्धा ती बरीचशी कापतो. दुकानदार हे सांगत नाही.

एकवीस सेंटीमीटर

घाटकोपरीसाहेब, तुमचा हिशोब जुळतो. तुम्हाला तिसरा रकाना कुणी दाखवला नाही एवढंच. तो वायूचा.

मी मुलुंडला राहते, ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. त्याआधीची बरीच वर्षं जोडीच्या दीर्घिकांमधला हायड्रोजन मोजण्यात गेली, म्हणून जरा लांबण लावणार आहे. चहा घेऊन बसा.

तारे का आदळत नाहीत ते आधी. सूर्यापासून सर्वांत जवळचा तारा ४.२ प्रकाशवर्षांवर. सूर्याच्या व्यासात मोजलं तर मध्ये जवळजवळ तीन कोटी सूर्य मावतील. पण आपली आकाशगंगा साधारण एक लाख प्रकाशवर्षं रुंद आणि शेजारची देवयानी दीर्घिका पंचवीस लाख प्रकाशवर्षांवर, म्हणजे मध्ये फक्त पंचवीस आकाशगंगा मावतात. दीर्घिका स्वतःच्या आकाराच्या मानाने दाटीवाटीत राहतात, तारे ओसाडीत. म्हणून दीर्घिका धडकतात आणि तारे निसटतात. दाखवणाऱ्या मुलाची दोन्ही विधानं बरोबर होती.

वायूचं तसं नाही. हायड्रोजनचे मोठे थंड ढग दहा-वीस केल्विनला असतात, शंभर-शंभर प्रकाशवर्षं पसरलेले, एकेकात लाखो सूर्यांचं द्रव्य. हे एकमेकांना चुकवू शकत नाहीत. ते भिडतात, दाबले जातात, तापतात आणि ती ऊष्णता प्रकाशाच्या रूपाने फेकून देतात. एकदा ऊर्जा गेली की वायूला पूर्वीच्या कक्षेत परतता येत नाही. ताऱ्यांना अशी ऊर्जा टाकून द्यायची सोय नाही, ते नुसते कक्षा बदलून फिरत राहतात.

पण नुसते ढग ढगावर आपटले आणि तारे झाले, हे चित्रही अपुरं आहे, आणि माझा आक्षेप नेमका त्यावर आहे. आकाशदर्शनात सगळे 'धडक' हा शब्द फार जोरात उच्चारतात. बहुतेक काम धडकेआधी आणि धडकेनंतर, लांबूनच होतं. मरिन ड्राइव्हवर दिवसातून दोनदा भरती येते, एकदा नाही, याचं कारण आठवा: चंद्र जवळच्या बाजूला जास्त ओढतो आणि पलीकडच्या बाजूला कमी, म्हणून फुगवटे दोन. शेजारीण दीर्घिका जवळून गेली की दीर्घिकेच्या चपट्या तबकडीला हेच बल लागतं. शेजारणीकडच्या बाजूने द्रव्य खेचलं जाऊन पूल तयार होतो, उलट बाजूला शेपूट निघते.

हे सिद्ध कसं झालं ती गोष्ट मला फार आवडते. १९४१ साली, संगणक नव्हते तेव्हा, स्वीडनमध्ये एरिक होल्मबर्ग यांनी एका दीर्घिकेसाठी ३७ असे दोन दीर्घिकांचे दिवे टेबलावर मांडले. दिव्याचा उजेड अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होतो, गुरुत्वाकर्षणही तसंच. मग एकेका दिव्याच्या जागी प्रकाश मोजायचा, त्यावरून त्या 'ताऱ्या'वरचं बल काढायचं, दिवा तेवढा सरकवायचा आणि पुन्हा मोजायचं. त्या टेबलावरही तबकड्या विस्कटून सोंडा निघाल्या. पुढे १९७२ मध्ये आलार आणि युरी टूम्रे या भावांनी संगणकावर हेच केलं. एम ५१, अँटेना आणि आणखी दोन जोड्यांची पूल-शेपटं त्यांनी नुसत्या गुरुत्वाकर्षणातून काढून दाखवली. वायू त्यांच्या गणितात नव्हता, पण अशा भेटीत दीर्घिकेच्या पोटात नवं इंधन जाईल का, असा प्रश्न त्यांनी लेखाच्या शेवटाकडे टाकून ठेवला होता.

उत्तर नंतर आलं. तबकडीतला वायू मध्यात पडत नाही कारण तो फिरतोय, त्याच्याकडे कोनीय संवेग आहे. शेजारीण जवळून गेली की ताऱ्यांच्या तबकडीत मध्यभागी एक लांबट दांडा तयार होतो. वायूचाही दांडा होतो, पण तो ताऱ्यांच्या दांड्याच्या किंचित पुढे असतो. मग ताऱ्यांचा दांडा वायूला सतत मागे ओढतो, वायूचं फिरणं कमी होतं आणि तो मध्याकडे घसरतो. जोशुआ बार्न्स आणि लार्स हर्न्क्विस्ट यांनी १९९१ मध्ये संगणकावर वायू घालून हे दाखवलं. वायूला थांबवणारा ब्रेक दीर्घिकेच्या स्वतःच्याच ताऱ्यांचा असतो, शेजारीण तो फक्त दाबते.

आणि वायू दाटला की जन्मदर नुसता वाढत नाही, दाटीपेक्षा वेगाने वाढतो. श्मिट यांनी १९५९ मध्ये मांडलेला आणि केनिकट यांनी १९९८ मध्ये अनेक दीर्घिकांवर तपासलेला नियम आहे, घातांक साधारण १.४. म्हणजे दाटी दुप्पट केली की जन्मदर अडीच पटीच्या वर. तुमच्या बँकेच्या भाषेत हे व्याज बरं आहे.

आता छोटीचं. धडक दोघींची खरी, पण इंधन दोघींकडे सारखं नाही. एनजीसी ५१९५ मध्ये थंड वायू मुळात कमी, तारे बहुतेक जुने. कितीही ढवळलं तरी तारे होण्याजोगं फारसं काही नाही. फोटोत तिच्यावर काळे पट्टे दिसतात, ते बरेचसे तिचे नाहीतच. ती एम ५१ च्या थोडी मागे आहे आणि मोठीच्या सोंडेची धूळ तिच्या तोंडासमोरून गेलीय.

मोठीतल्या जन्मांचा आणखी एक पुरावा मृत्यूंचा आहे. १९९४, २००५ आणि २०११ या तीन वर्षी एम ५१ मध्ये एकेक सुपरनोव्हा दिसला, आणि तिन्ही मोठ्या ताऱ्यांचा गाभा कोसळून झालेले. एवढ्या मोठ्या ताऱ्यांचं आयुष्य खगोलाच्या मानाने क्षणभराचं, म्हणजे तेही तिथे अलीकडेच जन्मलेले असणार.

शेवटी माझ्या लाडक्या रेषेबद्दल. दृश्य प्रकाशात एम ८१ आणि एम ८२ शेजारी-शेजारी पण आपापल्या घरात बसलेल्या दिसतात. हायड्रोजनमधून येणाऱ्या २१ सेंटीमीटरच्या रेडिओ लहरींवर बघितलं तर एम ८१, एम ८२ आणि तिसरी एनजीसी ३०७७, तिघी हायड्रोजनच्या पट्ट्यांनी बांधलेल्या आहेत. एम ८२ च्या मध्यात ताऱ्यांचा एवढा भडका उडालाय की वायू तबकडीच्या काटकोनात बाहेर फेकला जातोय. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटरच्या ३० तबकड्या. तिथल्या निरीक्षणांवर काम करताना मी दिवसच्या दिवस वेगवेगळ्या वेगांचे नकाशे एकामागून एक लावून बघत बसायचे. एकट्या, शांत दीर्घिकेत काय दिसतं? एका वेगाला तबकडीच्या एका टोकाला डाग, पुढच्या वेगाला तो जरा मध्याकडे, मग पलीकडे, असा शिस्तीत सरकत जातो. जोडीतल्या दीर्घिकेत मध्येच एखाद्या वेगाला डाग भलत्याच ठिकाणी उमटतो, जिथे ऑप्टिकल फोटोत काहीसुद्धा नाही. आधी वाटतं मोबाइल किंवा उपग्रहाचा खरखराट असेल, तो चॅनल (म्हणजे त्या वेगाचा नकाशा) खोडून टाकावा. पण शेजारच्या दोन चॅनलांतही डाग असला आणि थोडासा सरकलेला असला, की समजायचं की ओढून बाहेर काढलेला वायू सापडला.

उगाच विचारतो

ताई, छान लिहिलंत, पण एक खोड काढतो. जे भडकलेलं असतं तेच दुर्बिणीत आधी भरतं. मग त्याच्या शेजारी कुणी आहे का बघायचं, शेजारी सापडला की म्हणायचं धडकेमुळे भडका. शेजारी असून थंड बसलेल्यांची कुणी मोजदाद केलीय का? कारण मी पेपरांतल्या बातम्या वाचतो त्यात प्रत्येक धडक 'ताऱ्यांची दिवाळी' असते.

एकवीस सेंटीमीटर

उगाच विचारलेलं नाही, मुद्द्याचं विचारलंत.

१९८३ मध्ये आयरास उपग्रहाने अवरक्त प्रकाशात आकाश चाळलं. त्यात काही दीर्घिका अशा निघाल्या की एकटीचा अवरक्त उजेड लाख कोटी सूर्यांहून जास्त. आर्प २२० ही त्यातली आपल्याला जवळची, २५ कोटी प्रकाशवर्षांवर. दोन दीर्घिका मिसळत आल्यात, दोन गाभे अजून वेगळे आहेत, आणि वर्षाला शंभराहून जास्त सूर्यांइतके तारे तयार होतायत. आपल्या आकाशगंगेचा दर वर्षाला एक-दोन सूर्य. या महाभडक दीर्घिका तपासल्या तर बहुतेक सगळ्या धडकेतल्या निघतात. इथपर्यंत बातम्या खऱ्या आहेत.

पण उलटं वाक्य खरं नाही. स्लोन या आकाशाच्या मोठ्या सर्वेक्षणात हजारो जोड्या सापडल्या. त्यांची जोडीविना असलेल्या, तेवढ्याच वस्तुमानाच्या दीर्घिकांशी तुलना झाली. अगदी जवळच्या जोड्यांत जन्मदर सरासरीने दुपटीच्या आसपास, अंतर वाढलं की त्याहून कमी. दुप्पट म्हणजे काही कमी नाही, पण दिवाळी म्हणावी असंही नाही. एखादी पणती जास्तीची.

फरक कशाने पडतो? वायू किती शिल्लक आहे हे पहिलं. भेट कोणत्या दिशेने झाली हे दुसरं: शेजारणीचं जाणं तबकडीच्या फिरण्याच्या दिशेने असेल तर बल बराच वेळ एकाच जागी लागत राहतं, उलट दिशेने असेल तर परिणाम बराच सौम्य. तिसरी गोष्ट मला अभ्यासाला लागले तेव्हा फार विचित्र वाटली होती. मध्यभागी ताऱ्यांचा जाड फुगवटा असेल तर दांडा सहजी तयार होत नाही, त्यामुळे वायू पहिल्या भेटीत तग धरतो आणि अखेरच्या मिसळणीच्या वेळी एकदम कोसळतो. फुगवटा नसलेली दीर्घिका पहिल्याच भेटीत वायू खर्च करून बसते, शेवटाला तिच्याकडे फारसं उरत नाही. मिहोस आणि हर्न्क्विस्ट यांची नव्वदच्या दशकातली गणितं आहेत ही. म्हणजे आज थंड दिसणारी जोडी भडकणारच नाही असं नाही, तिची वेळ यायची असेल.

आणि एम ५१ सुद्धा तेवढी सरळ नाही. फ्रेंच आल्प्समधल्या प्लातो द ब्यूर इथल्या दुर्बिणींनी तिच्यातल्या कार्बन मोनॉक्साइडचा, म्हणजे थंड वायूच्या खुणेचा, फार बारीक नकाशा काढला. सोंडांचे काही तुकडे असे आहेत की थंड वायू खच्चून भरलाय पण तारे जवळजवळ नाहीत. तिथे वायू सोंडेच्या बाजूने जोरात वाहतोय, आणि त्या वाहण्याने भोवतीचा दाब घटल्यामुळे ढग कोसळत नाहीत असं २०१३ मध्ये मांडलं गेलं. मला वाटतं सोंडेचं मोठं काम वायू गोळा करण्याचं आहे, तारे करण्याचं नाही. यावर अजून वाद चालू आहे, पण माझं मत विचाराल तर हे.

गच्चीवरचा कॅमेरा

ताई, अँटेनातलं एक राहिलं. मधला, दोन्ही एकमेकींवर येतात तो भाग फोटोत काळपट दिसतो. मला वाटायचं तिथे काही नाही.

एकवीस सेंटीमीटर

तिथेच सगळ्यांत जास्त आहे. अवरक्तात तोच भाग सर्वांत तेजस्वी. धुळीआड कोवळे तारकागुच्छ आहेत, दृश्य प्रकाश बाहेर पडत नाही. अँटेनात हबलने हजाराहून जास्त तरुण गुच्छ मोजलेत ते धुळीबाहेरचे. ती मुंबईतून ५२ अंशांपर्यंत वर येते, युरोपातल्यांना ती क्षितिजालगत शोधावी लागते. आपल्याकडे आकाश उजळलंय, पण अक्षांश चांगला आहे.

घाटकोपरी

ताई, रकाने जुळले. दोन उपप्रश्न. देवयानी आपल्याला येऊन धडकेल तेव्हा आपल्याकडेही असा भडका उडेल का? आणि माझा भाचा अकरावीला आहे, त्याला या विषयावर प्रोजेक्ट करायचंय. दुर्बीण नाही, लॅपटॉप आहे.

एकवीस सेंटीमीटर

देवयानी सेकंदाला ११० किलोमीटरने जवळ येतेय हे नक्की. धडक मात्र पूर्वी धरायचे तितकी नक्की राहिलेली नाही. २०१२ मध्ये हबलच्या मोजमापांवरून चारेकशे कोटी वर्षांत टक्कर होणार असं जाहीर झालं होतं. २०२५ मध्ये मोठ्या मॅजेलन मेघाचं, म्हणजे आपल्या शेजारच्या छोट्या दीर्घिकेचं, ओढणं धरून पुन्हा हिशोब केला, तर पुढच्या १,००० कोटी वर्षांत दोघी मिसळण्याची शक्यता निम्म्यावर आली. झालीच, तर आर्प २२० होण्याइतका वायू आपल्याकडे नाही. आजच आकाशगंगेतला वायू ताऱ्यांच्या वस्तुमानाच्या साधारण दहावा हिस्सा आहे, आणि देवयानी तर आपल्याहून सुस्त.

भाच्यासाठी एक चांगलं काम आहे. हॉल्टन आर्प यांनी १९६६ मध्ये ३३८ वेड्यावाकड्या दीर्घिकांचा फोटोसंग्रह काढला. १९७८ मध्ये रिचर्ड लार्सन आणि बिअट्रिस टिन्स्ली यांनी त्या वेड्यावाकड्यांचे रंग आणि साध्यासुध्या दीर्घिकांचे रंग आलेखावर मांडले. साध्यांचे बिंदू एका अरुंद पट्ट्यात बसले, आर्पवाल्यांचे विखुरले, आणि तो विखुरलेपणा अलीकडे झालेल्या जन्माच्या झटक्यांनी समजावता आला. भाच्याला हेच पुन्हा करता येईल. स्लोनच्या संकेतस्थळावर प्रतिमा आणि तेजस्विता फुकट मिळतात. आर्पच्या यादीतल्या तिथे सापडतील तेवढ्या घ्यायच्या, तेवढ्याच एकट्या सर्पिल दीर्घिका घ्यायच्या, प्रत्येकीच्या हिरव्या फिल्टरमधल्या प्रतीतून (तेजस्वितेच्या आकड्यातून) लाल फिल्टरमधली प्रत वजा करायची आणि आलेख काढायचा. एक्सेलमध्ये होतं. फक्त धुळीने लाल झालेल्या आधी वेगळ्या काढायला सांगा, नाहीतर आर्प २२० त्याच्या आलेखात म्हातारी ठरेल.